भिंत आणि अभ्यासक्रम

मुलामुलींनी एकत्र शिकावे की स्वतंत्र, या चर्चेत आपण बहुधा दोघांमधल्या भिंतीविषयी बोलतो. भिंतीच्या आत काय शिकवले जाते, हा प्रश्न मागे राहतो. पुण्यात मात्र एकोणिसाव्या शतकात नेमका त्यावरच वाद पेटला होता.

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्या काळी बहुतेक घरांतल्या मुलींसाठी शिक्षणाकडे जाणारा दरवाजा तेवढाच होता. पुढे १८८४ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक आदींच्या पुढाकाराने हुजूरपागेची शाळा सुरू झाली. शाळा केवळ मुलींची, म्हणजे सनातन्यांची मुख्य हरकत दूर झालेली. तरी टिळकांनी ‘मराठा’मधून टीका केलीच. मुलींना इंग्रजीसह मुलांसारखे विषय कशाला, आणि दिवसभराची शाळा घरकामाच्या आड येत नाही का, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे भिंत बांधूनही प्रश्न मिटला नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी दुसरी वाट धरली. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. शाळा वेगळी आणि अभ्यासक्रमही वेगळा: शिक्षण मातृभाषेतून, गृहजीवनाशी निगडित विषयांना मानाचे स्थान. इंग्रजी माध्यमाचा डोंगर चढणे जमले नसते अशा स्त्रियाही त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचू शकल्या. पण या सोयीची किंमतही होती. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली, तरी कायद्याने मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. शिवाय, वेगळे विषय ही मुलींची गरज की समाजाने आखलेली मर्यादा, हा प्रश्न उरलाच.

आधुनिक संशोधनाचा कौलही एका बाजूचा नाही. पाल्के, हाइड आणि ॲलिसन यांनी २०१४ मध्ये २१ देशांतील १८४ अभ्यास एकत्र तपासले. विद्यार्थ्यांची आधीची पार्श्वभूमी लक्षात घेणाऱ्या काटेकोर अभ्यासांत दोन्ही प्रकारच्या शाळांमधला फरक नगण्य निघाला. उलट सोलमध्ये, जिथे हायस्कूलचे प्रवेश सोडतीने होत, तिथे स्वतंत्र शाळांतील मुलामुलींचे कोरियन व इंग्रजीचे गुण काहीसे सरस दिसले.

गुणांपलीकडचा हिशेब वेगळा आहे. वर्गाची प्रतिनिधी, संघाची कर्णधार, प्रयोगशाळेत पहिला हात घालणारी, या सगळ्या जागा कन्याशाळेत मुलींच्याच असतात. पण मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांशी बरोबरीने वागण्याचा रोजचा सराव तिथे होत नाही. मुलांच्या शाळेत तर ही उणीव अधिक महाग पडते.

आणि तरीही, जिथे पालक ‘मुलींची शाळा असेल तरच पाठवू’ म्हणतात, तिथे ती बंद करणे म्हणजे मुलीचे शिक्षणच बंद करणे. २००४ मध्ये सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांमागे हेच वास्तव होते. म्हणून कन्याशाळा असावी की नसावी, यापेक्षा तिच्यात अकरावीला विज्ञान शाखा आहे का, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, हे आधी विचारावे. भिंतीने मुलीला आत आणले, तर तिथे तिला कमी शिकवण्याचा अधिकार कुणालाही नाही.