विस्कटलेली वाक्यं ओळीत लावताना



आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या घरी मुलगी, सून किंवा नणंद स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. कुणी बँकेची, कुणी स्टाफ सिलेक्शनची. बऱ्याच घरांत तिला मुदत दिलेली असते, ‘दोन वर्षांत लागली नोकरी तर लागली, नाहीतर स्थळं बघायची.’ अशा वेळी एकेका गुणाला मोल असतं. गणित पोरी जिद्दीने करतात. गाडी अडते ती इंग्रजीपाशी. म्हणून आज आम्ही इंग्रजीच्या एकाच प्रश्नाबद्दल सांगणार आहोत, तो म्हणजे वाक्यांचा क्रम लावणं. या प्रश्नाच्या तयारीत इंग्रजी न येणारी आईसुद्धा मदत करू शकते.

प्रश्न असा असतो. एका छोट्या परिच्छेदातली चार वाक्यं उलटसुलट करून देतात. त्यांना ए, बी, सी, डी अशी नावं असतात. खाली क्रमाचे चार पर्याय असतात, त्यातला बरोबर निवडायचा. चार वाक्यं 24 प्रकारे मांडता येतात आणि पाच असली तर 120 प्रकारे. एकेक क्रम लावून बघत बसलं तर वेळ संपतो. वेळ तर थोडाच असतो. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला 60 मिनिटांत 100 प्रश्न, त्यातले 25 इंग्रजीचे. बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकलं तर अर्धा गुण वजा. तेव्हा अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर चुकलं तर गुण जातात.

मग करायचं काय? आपण गोष्ट कशी सांगतो ते आठवा. ‘एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या.’ आधी ‘एक राजा’, मग ‘तो राजा’. कुणी एकदम ‘त्या राजाला’ म्हणून सुरुवात केली, तर पोरंसुद्धा विचारतील, ‘कुठला राजा?’ इंग्रजीत तेच आहे. पहिल्यांदा सांगताना ‘अ किंग’, ओळख झाल्यावर ‘द किंग’. आधी माणसाचं पूर्ण नाव, मग ‘ही’ किंवा ‘शी’.

आता एक उदाहरण घेऊ. ही चार वाक्यं आहेत.

ए. देअर, दे ओपन्ड अ स्कूल फॉर गर्ल्स इन 1848. म्हणजे, तिथे त्यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली.

बी. सावित्रीबाई फुले वॉज बॉर्न इन नायगाव इन 1831. म्हणजे, सावित्रीबाई फुले यांचा जन्म 1831 साली नायगावला झाला.

सी. बट मेनी पीपल अपोज्ड धिस वर्क. म्हणजे, पण अनेकांनी या कामाला विरोध केला.

डी. आफ्टर हर मॅरेज टू जोतिराव, शी लिव्ड इन पुणे. म्हणजे, जोतिरावांशी लग्न झाल्यावर त्या पुण्यात राहिल्या.

आता प्रत्येक वाक्याला विचारा: कोण? कुठे? कोणतं?

डी मध्ये ‘शी’ आहे. ती कोण? सावित्रीबाई. म्हणजे बी हे डी च्या आधी. ए मध्ये ‘देअर’ आणि ‘दे’ आहे. तिथे म्हणजे कुठे? इथे घाई झाली तर नायगाव वाटेल. पण ‘दे’ म्हणजे ते दोघं, आणि जोतिरावांचं नाव तर डी मध्येच येतं. म्हणून डी च्या मागोमाग ए. सी मध्ये ‘धिस वर्क’ आहे. कोणतं काम? शाळेचं. म्हणून ए नंतर सी. उत्तर झालं बी, डी, ए, सी.

बघा, आपण चारही वाक्यं एकदम लावायला गेलो नाही. आधी जोड्या जुळवल्या. परीक्षेतही एक पक्की जोडी सापडली की पर्याय बघायचे. ती जोडी ज्या पर्यायात नाही, तो खोडायचा. कधीकधी दोन जोड्यांतच उत्तर हाती लागतं.

दुसरी खूण जोडणाऱ्या शब्दांची. ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ म्हणजे पण. त्यांच्या आधी उलट बाजूची गोष्ट हवी. ‘देअरफोर’ म्हणजे म्हणून. त्याच्या आधी कारण हवं. ‘ऑल्सो’ म्हणजे सुद्धा. त्याच्या आधी तशीच एखादी गोष्ट हवी. या शब्दांनी सुरू होणारं वाक्य सहसा पहिलं नसतं. सालं दिली असतील तर मदत होते, पण नुसत्या सालांवर विसंबू नये. काही परिच्छेद आजची गोष्ट सांगून मग मागे जातात.

आता घरची तयारी. मुलीने पुस्तकातल्या किंवा वर्तमानपत्रातल्या सोप्या परिच्छेदाची चार वाक्यं चार चिठ्ठ्यांवर लिहावीत. चिठ्ठ्या आईने पिसाव्यात. मुलीने क्रम लावून प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगावा. आईने मध्येच थांबवून विचारावं, ‘ती म्हणजे कोण? तिथे म्हणजे कुठे? पण कशाला म्हणालीस?’ उत्तर देता आलं नाही, तर क्रम पुन्हा तपासायचा. रोज असे दोन परिच्छेद पुरेत. बचत गटाच्या बैठकीनंतर दहा मिनिटं चार-पाच मुलींना एकत्र बसवलं, तर क्लासची फी न भरताही चांगला सराव होईल.

परीक्षेच्या दिवशी मात्र एका प्रश्नाला चिकटून बसू नये. एकही जोडी सापडत नसेल तर पुढे जावं, वेळ उरला तर परत यावं. गुण आणि वेळेचे नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

मैत्रिणींनो, इंग्रजी येत नाही म्हणून मुलीच्या अभ्यासापासून लांब राहू नका. आज संध्याकाळी चार चिठ्ठ्या करा आणि तिला विचारा, ‘ती म्हणजे कोण?’