रेशो शोधायची सवय

वाचनाची आवड असली की वकिलीचा अभ्यास सोपा जातो, असं घरोघरी समजतात. यवतमाळला एलएलबी करताना मला उलटा अनुभव आला. वेळ पुरत नाही ही तक्रार खरीच, पण त्याआधी बिघडते ती वाचायची रीत.

निकालपत्र कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. केशवानंद भारती खटल्याचा १९७३चा निकाल १३ न्यायमूर्तींचा, ७ विरुद्ध ६, पानं शेकड्यांनी. आधी हेडनोट बघायची, घटना चार ओळींत उतरवायची आणि पेन्सिल घेऊन रेशो, म्हणजे निकालाचा कायदेशीर गाभा, हुडकायचा. कलम वाचताना डोळा ‘परंतु’वर आणि ‘किंवा’ आहे की ‘आणि’, यावर. त्यात १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांची दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. जुने खटले जुन्याच कायद्यानं चालतात, म्हणून पिशवीत बेअर अ‍ॅक्ट दोन्ही.

सुट्टीत उद्धव शेळक्यांची ‘धग’ कादंबरी उघडली. कौतिकच्या संसाराची परवड समोर चाललेली आणि माझं डोकं पोटगीचा अर्ज मांडतंय : फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं जुनं १२५, नवं १४४. हातात पेन्सिल कधी आली, कळलंही नाही. पुस्तक मिटलं.

वणीचे लोकनायक बापूजी अणे याच यवतमाळात वकिली करायचे. त्यांनी टिळकांवर ‘तिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत काव्य रचलं. त्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अर्थात त्यांना सेमिस्टर नव्हतं!

माझ्यापुरती करमणूक उरलीय ती चोरीच्या कलमाखालच्या उदाहरणांत. तिथं ‘ए’ हा ‘झेड’च्या जमिनीवरचं झाड चोरण्यासाठी तोडतो. पुढच्या उदाहरणात खिशात आमिष ठेवून झेडचा कुत्रा मागं मागं नेतो. कुत्रा चालू लागला की चोरी पुरी. मग खजिन्याची पेटी वाहणारा बैल भेटतो, तोही हाकून नेतो. दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळापासून झेड असा लुटला जातोय आणि तरी जनावरं मोकळीच सोडतो. त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हे काही कायद्यात नाही. परीक्षेत विचारत नाहीत, म्हणूनच ते आम्ही कँटीनमध्ये रंगवून सांगतो.