पुढे पाठवलेले भूत

माझ्या लहानपणी आमच्या घरी अधूनमधून एक निनावी पोस्टकार्ड येई. देवीचा महिमा, आणि खाली ताकीद : एवढी कार्डे लिहून पुढे धाडा. एकाने धाडली, त्याला लॉटरी लागली. एकाने कार्ड फाडले, त्याचा मुलगा दगावला. वडील ते कार्ड सरळ बंबात टाकत. आई मात्र रात्री सगळे निजल्यावर गुपचूप कार्डे लिहीत बसे. आपल्याकडे आलेली भीती अकरा घरी पोहोचवली की तिला झोप लागे.

इंटरनेटभोवती फिरणारे भयपट मी गेली काही वर्षे वही घेऊन पाहतो आहे. हे काम मला कोणी सांगितलेले नाही, त्याची पदवीही माझ्याकडे नाही. पण वही भरत गेली तसे ते पोस्टकार्ड पुन्हा पुन्हा आठवू लागले.

आपले जुने भूत जागेला बांधलेले असते. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, आणखी कोणी पडक्या वाड्यात. शीव ओलांडली की माणूस सुटतो. इंटरनेटच्या भुताला शीव नाही. मग ते येते कोणत्या वाटेने?

याचे पहिले उत्तर मला इंटरनेटच्या थोडे अलीकडे सापडले. कोजी सुझुकी यांच्या कादंबरीवरून हिदेओ नाकाता यांनी १९९८ मध्ये ‘रिंगू’ हा जपानी चित्रपट केला. त्यात एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणारा सात दिवसांत मरतो. नायिका पत्रकार आहे. विहिरीतला सांगाडा बाहेर काढला की शाप संपेल, असे तिला वाटते. जुन्या भुताच्या बाबतीत ते खरे ठरले असते. इथे तसे होत नाही. ती वाचते ती वेगळ्याच कारणाने : तिने कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवलेली असते. शेवटी मुलाला वाचवण्यासाठी ती कॅसेट घेऊन आपल्याच वडिलांच्या घरी निघते. म्हणजे शाप संपत नाही, फक्त हात बदलतो. ‘फॉरवर्ड’ हा शब्द आपल्या तोंडी येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

तीन वर्षांनी, २००१ मध्ये, कियोशी कुरोसावा यांचा ‘कैरो’ आला. (या शब्दाचा इजिप्तशी संबंध नाही, जपानीत त्याचा अर्थ ‘सर्किट’.) यात मेलेल्यांचे जग भरून वाहू लागते आणि आत्मे संगणकाच्या तारांतून इकडे झिरपतात. ते कोणाचा गळा धरत नाहीत. त्यांना पाहिलेली माणसे हळूहळू बोलेनाशी होतात आणि एक दिवस भिंतीवर काळा डाग होऊन उरतात. चित्रपटातल्या एका विद्यार्थ्याने संगणकावर ठिपक्यांचा एक खेळ केला आहे. दोन ठिपके फार जवळ आले तर मरतात. फार दूर गेले तर पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात. माझ्या मते या सगळ्या चित्रपटांची किल्ली त्या खेळात आहे. माणूस काहीतरी पुढे पाठवतो तेव्हा पुष्कळदा ‘मी इथे आहे’ एवढेच त्याला कळवायचे असते. आणि त्यासाठी हाताला येईल ते तो पाठवतो.

तिसरा चित्रपट अमेरिकेतला. लेवान गाब्रियाद्झे दिग्दर्शित ‘अनफ्रेंडेड’ २०१४ मध्ये एका महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी चित्रगृहांत आला. आपल्याला दिसतो तो जवळजवळ पूर्ण वेळ एका मुलीच्या लॅपटॉपचा पडदा. काही मित्रमैत्रिणी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारत आहेत. वर्षापूर्वी त्यांच्या वर्गातल्या लॉरा नावाच्या मुलीने आत्महत्या केली. पार्टीत दारू पिऊन पडलेल्या तिचा लाजिरवाणा व्हिडिओ कोणीतरी सगळीकडे पसरवला होता. आता लॉराच्या खात्यावरून संदेश येऊ लागतात. भूत कशालाही अंगारा लावत नाही. ते एकेकाची लपवलेली गोष्ट दुसऱ्यासमोर उघडी करत जाते. शेवटी कळते की तो व्हिडिओ काढणारी नायिकाच होती, लॉराची एके काळची जिवलग मैत्रीण.

इथे वही मिटून मी बराच वेळ बसलो.

काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ थोडी घेऊन नाचता नाचता चिखलात पडले. सदऱ्याची आणि लेंग्याची दैना झाली. कोणीतरी ते टिपले आणि ते माझ्याकडे आले. मी हसरा चेहरा जोडून दोन गटांवर पाठवले. त्यानंतर ते गृहस्थ सकाळी फिरायला येईनासे झाले. महिन्याभराने जिन्यात समोरासमोर आलो तेव्हा शांतपणे म्हणाले, “आमच्या जावयांना ते तुमच्याकडून मिळालं.” मला उत्तर सुचले नाही. पुढच्या वर्षी घर विकून ते गावी गेले.

मी ते चित्रण केले नव्हते, असे मी स्वतःला सांगत असे. ‘अनफ्रेंडेड’मधली मुलेही एकमेकांना जवळपास तेच सांगतात. आईने कार्डे लिहिली ती घाबरून, आमच्यासाठी. ‘रिंगू’तली आई कॅसेट नेते तीही मुलासाठी. माझ्यापाशी तेवढेही कारण नव्हते.

तो व्हिडिओ मी माझ्या फोनमधून त्याच रात्री पुसला. त्या दोन गटांत मिळून साडेतीनशे माणसे होती.