खुणेची भाषा (लेखांक ७) : वर्दी, आकडा आणि सरळ शब्द

१४ एप्रिल १९४४ची दुपार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या धुमसत होत्या आणि त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. धक्क्यावर तैनात असलेल्या अग्निशमन तुकडीच्या प्रमुखाने प्रसंग ओळखला. हाताखालच्या माणसाला त्याने पिटाळले : कंट्रोलला फोन कर, ‘नंबर दोन’ सांग. ‘नंबर दोन’ म्हणजे आग मोठी आहे. तो माणूस धावत फोनपाशी गेला, तर फोनला डायलच नव्हती आणि पलीकडून कुणी बोलेना. शेवटी त्याने फायर अलार्मची काच फोडली. अलार्मला एवढेच सांगता येत होते की इथे आग लागली आहे. ती केवढी आहे, हे सांगायची सोय त्यात नव्हती. रिवाजाप्रमाणे दोन बंब निघाले.

मागच्या लेखात आपण रेल्वेचे सिग्नल पाहिले. तिथे खूण एका जागी उभी असते आणि माणूस तिच्यापाशी येतो. आग विझवणाऱ्यांची खूण मात्र माणसाच्या तोंडून निघते, तीही धुरात, धावताना, कानावर मास्कचा आणि पंपाचा आवाज आदळत असताना. म्हणूनच ती इतकी आखूड असते.

अशा आखूड खुणांचे सर्वांत प्रसिद्ध घराणे अमेरिकेतले, ‘दहा’ने सुरू होणाऱ्या आकड्यांचे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्याच्या पोलीस रेडिओवर चार्ल्स हॉपर यांनी त्यांचा पाया घातला. आकड्यांआधी ‘दहा’ कशाला? त्या काळच्या गाडीतल्या रेडिओला वीज पुरवायला एक छोटी मोटर असे. बोलायचे बटण दाबले की तिला वेग घ्यायला क्षणभर लागे आणि तेवढ्यात बोलणाऱ्याचा पहिला शब्द गडप होई. म्हणून पहिला शब्द असा ठेवला, की तो हरवला तरी बिघडू नये. ‘दहा’ गेला तरी ‘चार’ ऐकू येई, आणि दहा-चार म्हणजे ‘समजले’.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने ही पद्धत आपल्या कामाला जुळवून घेतली. तिथे पहिली गाडी पोहोचली की अधिकारी ‘दहा-चौऱ्याऐंशी’ म्हणतो : आम्ही पोहोचलो. खिडकीतून ज्वाळा दिसत असतील, तर पुढचा शब्द ‘दहा-पंचाहत्तर’. त्याला जोडून इमारत किती मजली, कशा प्रकारची आणि आग कुठे, हे तो सांगतो. त्या एका आकड्यावर कंट्रोल रूमची सारी यंत्रणा हलते. पाण्याच्या आणि शिडीच्या गाड्या, बचाव पथक, वरिष्ठ अधिकारी निघतात. त्यांतली शिडीची एक गाडी आग विझवायला येतच नाही. तिचे जवान तयारीनिशी बाहेर थांबतात, कारण आत गेलेला एखादा जवान अडकला तर त्याला काढणे हेच त्यांचे काम. वाचवणाऱ्यांना कोण वाचवील, याचे उत्तर त्या आकड्यातच बांधून ठेवलेले आहे. मला या व्यवस्थेतली सर्वांत माणुसकीची गोष्ट हीच वाटते.

दुसरी एक खूण तितकीच जिव्हाळ्याची आहे. आगीत सापडलेला माणूस बाहेर आणला की ‘दहा-पंचेचाळीस’ म्हणतात आणि पुढे एक ते चारपैकी एक आकडा जोडतात. ‘एक’ म्हणजे माणूस गेला, ‘चार’ म्हणजे दुखापत किरकोळ. फुटपाथवर त्या माणसाची आई उभी असू शकते. रेडिओ तिच्या कानाशी बोलत असतो. ती बातमी तिला यंत्रातून कळू नये, कुणीतरी जवळ येऊन सांगावी, एवढी सवड तो आकडा मिळवून देतो.

मग आकडे चांगले, की सरळ शब्द? याचे उत्तर अमेरिकेला मोठी किंमत मोजून सापडले. ‘दहा-तेरा’ हा आकडा घ्या. पोलीस रेडिओच्या राष्ट्रीय यादीत त्याचा अर्थ हवामान आणि रस्त्याची स्थिती. न्यूयॉर्कच्या पोलिसांत मात्र ‘अधिकारी संकटात, मदत पाठवा’. आपापल्या गावात दोन्ही बरोबर. पण मोठ्या आपत्तीत दोन गावांची दले शेजारी उभी राहतात, तेव्हा एक जिवाच्या आकांताने ओरडतो आणि दुसऱ्याला वाटते, हा पावसाची चौकशी करतो आहे. १९७०च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर तिथल्या दलांनी एकत्र कामासाठी सरळ भाषेचा आग्रह धरला. २००६पासून अमेरिकी सरकारने अनेक दले एकत्र येतात अशा प्रसंगी साध्या भाषेचा नियमच केला. आपल्या घरात आकडा बोला, चारचौघांत शब्द बोला, असा तो तोडगा.

आणि जिथे जवानाचा स्वतःचा जीव पणाला लागतो, तिथे न्यूयॉर्कमध्येही आकडा चालत नाही. तिथे तीनदा ‘मेडे’ म्हणायचे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२०च्या दशकात ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून घडवलेली ही हाक. ती उठली की बाकीचे सगळे गप्प होतात.

पण गप्प होण्यासाठी आधी ती ऐकू यावी लागते. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत ३४३ अग्निशमन जवान गेले. उत्तर मनोऱ्यातल्या काहींपर्यंत ‘बाहेर या’ हा आदेश रेडिओवरून पोहोचलाच नाही. आदेशाच्या शब्दांत काही खोट नव्हती.

आता आपल्याकडे या. मुंबई-पुण्यात आगीच्या खबरेला दलात ‘वर्दी’ म्हणतात. खोट्या फोनला ‘खोटी वर्दी’. मुंबईच्या बातम्यांत ‘लेव्हल-२ची आग’ हे शब्द आपण नेहमी वाचतो आणि ज्वाळांचा आकार डोळ्यांपुढे आणतो. खरे तर लेव्हल हा कुमकेचा हिशोब आहे : किती गाड्या, किती माणसे, कोणत्या दर्जाचा अधिकारी. जागेवरचा अधिकारी लेव्हल वाढवतो तेव्हा तो सांगत असतो, ‘एवढ्याने भागत नाही, आणखी पाठवा’. या पायऱ्यांच्या सर्वांत वर असते ती ‘ब्रिगेड कॉल’. १९४४चा ‘नंबर दोन’ याच कुळातला.

या साखळीची पहिली कडी मात्र आपण असतो. १०१ला फोन लावताना आपल्यापाशी कुठलाच आकडा नसतो. पत्ता, जवळची खूण, कितवा मजला, काय जळते आहे, आत कुणी अडकले आहे का, हे पाच मुद्दे शांतपणे सांगा आणि पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. न्यूयॉर्कचा अधिकारी ‘दहा-पंचाहत्तर’ला जे जोडतो, ते जवळपास हेच.

गोदीतल्या त्या दुपारी जहाजावर स्फोटके आहेत हे कळल्यावर आणखी बंब धावले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. काच फोडणाऱ्या त्या माणसाला नेमका शब्द ठाऊक होता. तो सांगायला त्याला पलीकडे कान मिळाला नाही. प्रत्येक खूण हा दोन टोकांमधला करार असतो, आणि तो करार दोन्ही टोकांनी जागता ठेवावा लागतो.

त्या जहाजावर आणखी एक खूण गैरहजर होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते. ‘फोर्ट स्टिकिन’वर ते लावलेलेच नव्हते. पुढच्या लेखात : निशाणांची भाषा.