बाळाचा मेंदू : मुलाचा वेगळा, मुलीचा वेगळा?

दोस्तांनो, "गणित म्हणजे मुलग्यांचं काम," "मुली बोलण्यात पटाईत," असं मोठी माणसं सहज बोलून जातात. वर "जन्मतःच असतं ते!" असंही ठोकून देतात. मग नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा मेंदूच पाहायला हवा, नाही का?

शास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं. इंग्लंडमध्ये नवजात बाळांच्या मेंदूची एमआरआय यंत्राने चित्रं घेतली गेली. हे यंत्र खूप आवाज करतं, आणि आत अजिबात हलायचं नाही! बाळाला हे कसं सांगणार? सोपी युक्ती. दूध पाजायचं, कान झाकायचे, छान गुंडाळायचं आणि बाळ गाढ झोपलं, की काम सुरू!

अशा ५१४ बाळांच्या चित्रांचा अभ्यास करून केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. बाळांत २७८ मुलगे होते, २३६ मुली. मुलग्यांचा मेंदू सरासरीने थोडा मोठा निघाला. जन्माच्या वेळचं वजन हिशेबात धरूनही. पण मेंदूच्या एकूण आकाराच्या प्रमाणात पाहिलं, तर मुलींमध्ये करडा भाग जास्त आणि मुलग्यांमध्ये पांढरा. करड्या भागात चेतापेशींची दाटी असते. पांढरा भाग म्हणजे त्यांना जोडणाऱ्या जणू तारा.

म्हणजे फरक आहे तर! आहे, पण "सरासरी" हा शब्द विसरू नका. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते. पण एका व्यक्तीची उंची पाच फूट चार इंच, एवढंच सांगितलं, तर ती बाई की पुरुष, ओळखाल? मेंदूचंही तसंच. कितीतरी मुलींचा मेंदू कितीतरी मुलग्यांपेक्षा मोठा असतो. आणि मोठा मेंदू म्हणजे जास्त हुशारी, असंही नाही बरं का! हत्तीचा मेंदू आपल्या तिपटीहून जड, पण तो काही आपल्याला पाढे शिकवत नाही.

शिवाय त्या चित्रांत दिसला तो फक्त आकार. गणित नाही, की गप्पाही नाहीत! जन्मताना मेंदू असतो ३५० ते ४०० ग्रॅमचा. मोठेपणी होतो साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. मधल्या वर्षांत जे पाहाल, ऐकाल, पुन्हा पुन्हा कराल, त्याच्या जोडण्या पक्क्या होतात.

तेव्हा आईबाबांनो, मुलीच्या हाती पाना-पक्कड आणि मुलाच्या हाती गोष्टीचं पुस्तक देताना हात आखडू नका. आणि दोस्तांनो, कुणी "तुझा मेंदूच तसा," म्हणालं, तर हसून सांगा, "माझा मेंदू अजून घडतोय!"