दोरा वळतो तेव्हा

सुती कापडाच्या उसवलेल्या कडेचं एखादं सूत ओढून काढा. दोन्ही चिमटींत धरून ताणा. बऱ्यापैकी जोर लावावा लागेल. आता दुसरं सूत घ्या आणि त्याला पिळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवत जा. पीळ पुरता उलगडला की पुन्हा ताणा. या खेपेला जोर लागणारच नाही. सूत निमूटपणे दोन भागांत वेगळं होईल आणि चिमटीत उरतील कापसाचे आखूड, मऊ तंतू.

किती आखूड? आपल्याकडच्या चांगल्या कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरांचा असतो. या चिमुकल्या तंतूंना कुणी गाठ मारलेली नसते, डिंक लावून चिकटवलेलं नसतं. तरी त्यांचंच मैल मैल लांब सूत होतं आणि ते सूत आपण दोन्ही हातांनी ताणतो तेव्हा टिकून राहतं. हे होतं कसं? हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथात त्याने दोरखंडाचं हेच कोडं मांडलं आहे: दोन-तीन हात लांबीच्या तागासारख्या तंतूंचा शंभर हात लांब दोर होतोच कसा?

उत्तर पिळात आहे. पीळ दिलेलं सूत ताणलं की तंतू एकमेकांवर अधिक घट्ट दाबले जातात. दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे तुम्ही जितक्या जोराने सूत तोडायला जाल, तितक्याच जोराने ते स्वतःला आवळून धरेल! २०१८ मध्ये वॉरेन, बॉल आणि गोल्डस्टीन या तीन शास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं. त्यांना आढळलं की घर्षण एका मर्यादेपलीकडे गेलं की सुटे तंतू अचानक एकजुटीने वागू लागतात. आपल्या अंगावरचे कपडे विरघळून खाली पडत नाहीत, ते या मर्यादेच्या कृपेने.

सामर्थ्य कापसात कमी आणि वळणात जास्त, हे एकदा ध्यानात आलं की घरात चालणाऱ्या शिवणटिपणाकडे बघण्याची नजरच बदलते. गोधडी शिवणारी, मशीनवर ब्लाउज शिवणारी, सुयांवर स्वेटर विणणारी माणसं शेवटी काय करतात? आधीच वळलेल्या दोऱ्याला आणखी एक वळण देतात. आणि दर नव्या वळणासरशी दोऱ्याला नवा गुण येतो.

आधी गोधडी पाहू. जुन्या नऊवारीचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोरा घालत जायचं. सुई खाली, सुई वर, बस्स. शिवणीतला हा सगळ्यात साधा टाका. त्यात दोरा कशातही अडकवलेला नसतो; गाठ असते ती सुरुवातीला आणि शेवटी. मग वर्षानुवर्षं अंगाखाली मळली, तुडवली, धुतली, पिळली तरी गोधडी सुटी का होत नाही?

बंदरावर होडी लावणारा नाखवा आठवा. तो दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देतो आणि सुटं टोक नुसतं हातात धरतो. लाटा होडीला ओढत असतात, तरी त्याचा एक हात पुरतो. ही किमया किती मोठी आहे, हे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने सूत्रात बांधलं. दोर आणि खुंट यांच्यातलं घर्षण मध्यम असेल, तर एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे सहापट होते. दोन वेढ्यांनी चाळीसपट. आणि तीन वेढ्यांनी? अडीचशेपटीहून जास्त! दर वेढ्याला पकडीत भर पडत नाही, तिचा गुणाकार होत जातो. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका हे असंच एक वळण आहे. दहा-बारा टाके झाले की टोक ओढून दोरा काढणं जवळजवळ अशक्य होतं. मधला एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके दोरा धरून ठेवतात, म्हणून एका भोकामुळे गोधडी उसवत नाही.

आणि ऊब? ती कापडाने दिली असं आपल्याला वाटतं, पण तिच्यात खरा वाटा असतो थरांमध्ये कोंडलेल्या हवेचा. जागच्या जागी थांबलेली हवा उष्णतेला फार हळू वाट देते. पाणी तिच्यापेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून तर ओलसर गोधडीत थंडी वाजते. हवेची अडचण एवढीच, की ती एका जागी थांबत नाही. धावदोरा तिला थांबवतो. शिवताना दोरा किंचित ओढून घेतला की कापडाला बारीक चुण्या पडतात आणि दोन ओळींमध्ये लहानशी फुगीर जागा तयार होते. टाके फार विरळ घातले तर थर सरकतात, फार दाट घातले तर हवा पिळून निघते. या दोहोंमधलं नेमकं अंतर शिवणारीच्या बोटांना ठाऊक असतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका अशाच धावदोऱ्याने कवंदी नावाची गोधडी शिवतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे निसटून त्या जंगलांत शिरले, त्यांचे वंशज या समाजात आहेत. कवंदी कडेपासून सुरू होते आणि धावदोरा आत आत फिरत मध्यावर येतो. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावली की कवंदी पुरी झाली.

आता शिलाई मशीनकडे वळू. इथे थांबून विचार करावा असा एक प्रश्न आहे. हाताने शिवताना आख्खी सुई कापडातून पार होते आणि मागोमाग दोऱ्याचं टोकही. मशीनची सुई मात्र वर घट्ट बसवलेली. ती कापडात शिरते आणि आली तशी परत जाते. वरच्या दोऱ्याचं दुसरं टोक तर रिळावर. खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला. दोन्ही दोऱ्यांची टोकं अशी अडकलेली असताना ते एकमेकांत गुंततात कसे?

पहिली युक्ती सुईत आहे. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हाडाची एक सुई सापडली आहे, हजारो पिढ्यांपूर्वीची, आणि तिलाही नेढं आहे, मागच्या टोकाला. तेव्हापासून माणसाने नेढं मागेच ठेवलं. एकोणिसाव्या शतकात ते अणीपाशी आलं. एलियास हाउ या अमेरिकन यंत्रकाराला १८४६ मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये अशी सुई आणि दोन दोऱ्यांची टीप एकत्र होती. नेढं पुढे आलं आणि आख्खी सुई पार करण्याची गरजच संपली.

दुसरी युक्ती पापणी लवायच्या आत घडून जाते. सुई तळाशी जाते आणि परतताना केसभर वर उचलली जाते. मशीनची सुई निरखून पाहा: तिच्या एका अंगाला लांब खाच असते, त्यात दोरा लपून मोकळा सरकतो. दुसऱ्या अंगाला तशी खाच नसते, तिथे दोरा कापडाला घासून अडतो. सुई वर निघाली, दोरा मात्र मागे राहिला. मग तो जाईल कुठे? तो सुईच्या बाजूला फुगतो आणि एक इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खाली फिरणाऱ्या शटलचं टोक येऊन त्या फासात शिरतं.

आता खरी कमाल. शटल तो फास ओढून मोठा करतं आणि बॉबिनच्या आख्ख्या डबीवरून फिरवून पलीकडे सोडतं. टोक दोऱ्यातून ओवायचं तर टोक मोकळं हवं. इथे टोकाऐवजी सगळा साठाच फासातून पार होतो! त्यासाठी बॉबिनची डबी मशीनला कुठेही पक्की जोडलेली नसावी लागते. ती जागच्या जागी राहते, पण तिच्याभोवती सगळीकडून दोरा जाईल एवढी फट असते. मग वरचा दांडा उचलला जातो, जादा दोरा ओढून घेतो आणि दोन्ही दोऱ्यांची मिठी कापडाच्या जाडीत मधोमध जाऊन बसते. वरचा ताण सैल असेल तर ही मिठी खाली घसरते, फार कसला असेल तर वर दिसू लागते. ताणाचा स्क्रू पाव फेरा इकडेतिकडे फिरवणारा शिंपी दोन दोऱ्यांमधली ही ओढाताण समतोल करत असतो. हे सगळं एका टाक्यासाठी. आणि पायडल मारलं की असे शेकडो टाके मिनिटाला.

इथवर दोरा कापडाला जोडत होता. क्रोशात आणि विणकामात तर तो स्वतःच कापड होतो.

क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. दर फेरीला ठरावीक खांब, म्हणजे उभे टाके, वाढवले तर रुमाल सपाट बसतो, कमी वाढवले तर त्याची वाटी होते, आणि जास्त वाढवले तर कडेला झालर येते. आता हे जास्तीचं वाढवणं थांबवलंच नाही तर? वीस खांबांनी सुरुवात करा आणि प्रत्येक ओळीत दर पाच खांबांमागे एक जादा घाला. दहा ओळींनंतर खांब शंभराच्या पुढे जातात, वीस ओळींनंतर सहाशेच्या पुढे. एवढी कड मावणार कुठे? ती लाटांवर लाटा घेत दुमडत जाते.

या लाटांत एक मोठं गणित दडलं होतं. सपाट कागदावर एखाद्या रेषेला बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेषा काढता येते, हे शाळेत शिकवतात. एकोणिसाव्या शतकात बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी अशी भूमिती मांडली, जिथे एकाच बिंदूतून मूळ रेषेला कधीही न भेटणाऱ्या कितीतरी रेषा जातात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. हा पृष्ठभाग हातात धरून दाखवायचा कसा? कागदाचे तुकडे चिकटवून केलेले नमुने फाटत. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी क्रोशाची सुई उचलली आणि तो विणून दाखवला. घडी घातली की सरळ रेषा मिळते, तिच्यावर रंगीत दोरा घालता येतो, तीन घड्यांचा त्रिकोण मोजता येतो. प्रवाळाच्या झालरी आणि लेट्यूसच्या पानांच्या कुरळ्या कडा याच रीतीने वाढतात. हा प्रकार झालरवाल्या रुमालांत आधीपासून होताच, फक्त त्याला गणित म्हणून कुणी ओळखलं नव्हतं.

आणि आता दोन सुयांचं विणकाम. यातला चमत्कार रोज आपल्या अंगावर असतो. शर्ट आणि बनियन, दोन्ही कापसाचे. शर्ट ताणून पाहा, ढिम्म राहतो. बनियन लगेच सैल होतो आणि सोडला की पुन्हा आटतो. सूत स्वतः तर दोन्हींतही फारसं ताणलं जात नाही. मग ही लवचीकता आली कुठून?

शर्टाच्या कापडात उभी-आडवी सुतं जवळजवळ सरळ पसरलेली असतात. बनियन विणलेला असतो; त्यात सूत सतत फासामागून फास घेत जातं. ओढलं की फासाचा आकार बदलतो, आडवा फास उभा होतो, उभा आडवा. लांबी तीच राहते, वळण बदलतं. वाकवलेलं सूत पुन्हा आपल्या वळणावर यायला बघतं, म्हणून कापड आटतं. फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये नायलॉनच्या धाग्याचं विणकाम ताणून पाहिलं आणि लांबी न बदलणाऱ्या धाग्याच्या नुसत्या वाकण्यातून ही लवचीकता कशी येते, ते दाखवलं.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या हजारो फासांत एकही गाठ नसते. शेवटचे टाके बंद केले नाहीत तर टोक ओढून आख्खा स्वेटर उसवता येतो आणि हातात पुन्हा तोच एक सलग धागा येतो. घरोघरी लहान झालेले स्वेटर असेच उसवून, लोकरीची लड करून, वाफ देऊन नव्याने विणले गेले आहेत.

विणकामाची सगळी भाषा तर दोनच टाक्यांची: सुलट आणि उलट. खरं पाहता टाका एकच आहे, पुढून दिसतो तो सुलट आणि मागून दिसतो तो उलट. सुलट टाका कापडाला एका दिशेने वाकवू पाहतो, उलट टाका विरुद्ध दिशेने. या दोन ओढींची मांडणी जशी कराल तसं कापड वागतं. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये साबेटा मात्सुमोतो यांच्या गटाने २०२४ मध्ये विणकामाचे चार नेहमीचे नमुने तपासले आणि टाक्यांचा क्रम बदलला की कापडाचा ताठपणा आणि ताण किती बदलतो, ते मोजून दाखवलं. असं कापड पुढे मऊ यंत्रांसाठी आणि अंगावर घालायच्या उपकरणांसाठी वापरता येईल, म्हणून प्रयोगशाळा आता सुयांकडे वळल्या आहेत.

तुम्हाला मात्र प्रयोगशाळेची गरज नाही. दोन सुया घ्या, लोकरीचा एक गुंडा घ्या आणि तीसच टाके घालून तीन तुकडे विणा. पहिल्यात एक ओळ सुलट, एक ओळ उलट: सुया काढताच त्याच्या कडा गुंडाळून जातील, कारण सगळे टाके एकाच बाजूला झुकले आहेत. दुसऱ्यात सगळ्या ओळी सुलट: हा सपाट पडून राहील आणि लांबीत छान ताणला जाईल. तिसऱ्यात दोन टाके सुलट, दोन उलट, आणि उभ्या रांगा जुळवत वर जा: हा आक्रसून अरुंद होईल आणि रुंदीत ओढला की भरपूर पसरेल, म्हणूनच स्वेटरच्या मनगटाला आणि गळ्याला हाच घालतात. लोकर तीच, सुया त्याच, टाक्यांची संख्या तीच, आणि कापडं मात्र तीन वेगवेगळ्या स्वभावांची. फरक एवढाच, की दोरा कुठे पुढून वळला आणि कुठे मागून.