परदेशातल्या कामाचा व्हिसा आणि अहेरीचा कारागीर

कुशल कामगाराला परदेशात कामासाठी मिळणारा व्हिसा ढोबळमानाने तीन तऱ्हांचा असतो. पहिल्या तऱ्हेत तिथला मालक आधी नोकरी देतो, सरकारदरबारी नावही तोच नोंदवतो आणि व्हिसा त्या मालकाशी बांधलेला राहतो. अमेरिकेचा एच-१बी, ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा आणि आखाती देशांतली कफाला पद्धत यांचा पाया हाच. दुसऱ्या तऱ्हेत वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण देऊन माणूस निवडतात. कॅनडाने ही पद्धत १९६७ मध्ये आणली. तिसरी तऱ्हा अलीकडची आहे. नोकरी हातात नसतानाही ठरावीक काळ त्या देशात राहून काम शोधता येते. जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलेले ‘संधी कार्ड’ या प्रकारात मोडते. तऱ्हा कोणतीही असो, हातातले कसब आधी कागदावर सिद्ध करावे लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीकडून गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेतला, तर या एका अटीनेच बहुतेकांना उंबरठ्याबाहेर ठेवल्याचे दिसते.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामाला ऊत आला. गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर यांना तिकडून मागणी येऊ लागली. प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे, करीमनगर-निजामाबादच्या पट्ट्यातून माणसे लोंढ्याने गेली. त्या भागात दुबई आणि मस्कत ही नावे घरगुती झाली. अलीकडच्या तीरावर अहेरी आणि सिरोंचा तालुक्यांत बोलली जाणारी तेलुगू तीच आणि सोयरीकही नदी ओलांडून चालणारी, तरीही इथून आखाताचा प्रवाह कधी लागला नाही. इथला मजूर नदी ओलांडतो तो मिरची तोडायला, आणि हंगाम संपला की परततो. हा फरक कसबाचा नव्हता. पलीकडे एक माणूस गेला की त्याच्या ओळखीने गावातले आणखी चार जण जात. अलीकडे तो पहिला माणूसच गेला नाही.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पुढच्याच वर्षी केंद्राचा उत्प्रवास कायदा आला. कामगार पाठवणाऱ्या एजंटाला परवाना सक्तीचा झाला आणि कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर तपासणीचा शेरा बसू लागला. आजही दहावी न झालेल्या माणसाला आखातासह १८ देशांत कामाला जायचे तर आधी सरकारी परवानगी काढावी लागते. कायद्याचा हेतू संरक्षणाचा होता. पण परवानगीच्या आधी पासपोर्ट लागतो, आणि खरी अडचण तिथेच होती. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखला सक्तीचा होता. भामरागड-एटापल्लीच्या जंगलपाड्यांवर घरी जन्मलेल्या, कुठेही नोंद नसलेल्या मुलामुलींच्या एका अख्ख्या पिढीला या नियमाने अडवले. डिसेंबर २०१६ मध्ये तो शिथिल झाला आणि शाळेचा दाखला व आधार चालू लागले. तोवर सत्तावीस वर्षे उलटली होती. त्यातही पासपोर्टसाठी नागपूर गाठावे लागे, म्हणजे अहेरीहून एका बाजूचा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि बुडालेल्या दोन-तीन दिवसांची मजुरी. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे उघडू लागली, तेव्हा कुठे ही पायपीट कमी होण्याची सोय झाली.

१९९० ते २०१० हा काळ महाराष्ट्राच्या आठवणीत संगणकाचा म्हणून कोरलेला आहे, आणि त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एच-१बी आणला, त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० ठेवली, संगणकाच्या तेजीत ती १,९५,००० पर्यंत नेली आणि २००४ पासून पुन्हा खाली आणली. पुढे अर्ज इतके झाले की निवड सोडतीवर गेली. जर्मनीनेही २००० मध्ये संगणकतज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढून पाहिले. पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांसाठी हा सुवर्णकाळ होता. अहेरीसाठी त्यात फारसे काही नव्हते. गडचिरोलीतले गोंडवाना विद्यापीठदेखील हा काळ सरल्यावर, २०११ मध्ये स्थापन झाले.

अहेरीसारख्या ठिकाणासाठी महत्त्वाचे दशक त्यानंतरचे, साधारण २०१४ ते २०२४ चे. म्हाताऱ्या होत चाललेल्या श्रीमंत देशांना या दहा वर्षांत पदवीधरांइतकीच हाताने काम करणाऱ्यांची गरज भासू लागली आणि त्यांनी त्याप्रमाणे कायदे बदलले. जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा नवा व्हिसा आणला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्यासाठी करार केला. या व्हिसाला पदवी लागत नाही. कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची प्राथमिक पातळी पार केली की शुश्रूषा, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया अशा क्षेत्रांत पाच वर्षे काम करता येते. कुटुंब मात्र सोबत नेता येत नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्यांनाही आरोग्य व्हिसाखाली प्रवेश दिला. जर्मनीने मार्च २०२० मध्ये कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा लागू केला आणि नोव्हेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तो आणखी सैल केला. मार्च २०२४ पासून तर मायदेशी मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराची नोकरी एवढ्यावर जर्मन मान्यतापत्राविनाही काम करता येऊ लागले. शिकलेल्या कारागिराला इतके मोकळे दार युरोपने त्याआधी क्वचितच दिले होते.

अहेरीतला कारागीर या दारापर्यंत का पोहोचला नाही, हे पाहायला आयटीआयचा अभ्यासक्रम पुरतो. जर्मनीची अट दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन आणि मोटार मेकॅनिक हे ट्रेड दोन वर्षांचे, म्हणून ते अटीत बसतात. वेल्डर, प्लंबर, सुतार आणि डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे, म्हणून ते बसत नाहीत. जो वेल्डर जर्मनीतल्या कारखानदारीला हवा आहे, त्याचे प्रमाणपत्र एका वर्षाने तोकडे पडते. ही दरी दिल्लीत आणि मुंबईत माहीत असायला हवी होती, आणि प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक मुलाला सांगायला हवी होती. अहेरीजवळच्या आलापल्लीच्या सागवानावर आयुष्य घालवलेल्या सुताराकडे तर एक वर्षाचाही कागद नसतो. बापाकडून शिकलेल्या कामाला केंद्राच्या कौशल्य योजनेत चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ पासून आहे. पण ते प्रमाणपत्र देशातल्या ठेकेदाराला दाखवण्यापुरते आहे. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची जागा ते घेऊ शकत नाही.

परिचारिकांची गोष्ट जवळपास तशीच. गडचिरोलीतल्या अनेक मुली घरची ऐपत पाहून दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम निवडतात. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर तीन वर्षांचे जीएनएम किंवा नर्सिंगची पदवी आणि त्यावर जर्मन भाषेची बरीच वरची पातळी लागते. ब्रिटनची देखभाल व्हिसाची वाट मात्र पदवी मागत नव्हती. एएनएम झालेल्या मुलीला मध्यम पातळीचे इंग्रजी आले असते तर ती खुली होती. याच वाटेवर दलालांनी सर्वाधिक लूट केली. मालकाने जे प्रायोजक पत्र द्यायचे असते ते लाखो रुपयांना विकले गेले, आणि तिथे उतरल्यावर काम नाही, मालकाचा परवाना रद्द, अशा अवस्थेत अनेक भारतीय अडकले. ब्रिटनने दलालांना आवरण्यापेक्षा वाट आवळणे पसंत केले. मार्च २०२४ पासून देखभाल करणाऱ्यांना कुटुंब नेण्याची मनाई झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. जेमतेम साडेतीन वर्षे हे दार उघडे होते.

या दशकात दक्षिणेतल्या राज्यांनी काय केले, याची तुलना बोचणारी आहे. केरळची परदेशी रोजगार देणारी सरकारी संस्था १९७७ पासून काम करते. तेलंगणाने राज्य झाल्यावर लवकरच परदेशी मनुष्यबळासाठी सरकारी कंपनी काढली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने आखातासाठीचे किमान संदर्भ वेतन घटवले, तेव्हा विरोधाचा आवाज सर्वांत मोठा उठला तो तेलंगणातून, आणि जुलै २०२१ मध्ये ते वेतन पूर्ववत झाले. आखातात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा निर्णयही तेलंगणाने २०२४ मध्ये घेतला. महाराष्ट्राने याच काळात परदेशातला नोकरदार म्हणजे एच-१बीवाला अभियंता, अशी समजूत करून घेतली आणि हाताने काम करणाऱ्याला एजंटाच्या हवाली केले.

या समजुतीला छेद देणारे पाऊल उचलले गेले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवायचे ठरले. इलेक्ट्रिशियन, परिचारिका, गवंडी, ड्रायव्हर असे व्यवसाय यादीत होते, आणि जर्मन भाषा सरकारच शिकवणार होते. अहेरीसारख्या तालुक्यासाठी याहून योग्य योजना आखणे अवघड होते. पण ती सोपवली गेली शालेय शिक्षण विभागाकडे आणि त्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थांकडे. परदेशी मालकाशी बोलणी, प्रमाणपत्रांची पडताळणी, व्हिसाची कागदपत्रे यातले काहीही त्या विभागाचे रोजचे काम नाही. घोषणा विधानसभा निवडणुकीच्या वर्षात गाजली. प्रत्यक्ष विमानात बसलेल्यांची संख्या मात्र जाहीर उद्दिष्टाच्या जवळपासही गेली नाही. नाव नोंदवून, भाषेच्या वर्गात बसून, हातची नोकरी टांगणीला ठेवून थांबलेल्या तरुणांचे जे नुकसान झाले, त्याची जबाबदारी कुणीही घेतलेली नाही. दोष जर्मनीच्या कायद्यावर टाकता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच देशाने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देण्याची तयारी दाखवली.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने एच-१बीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लावले. महाराष्ट्रात हळहळ झाली ती याच घटनेची. तिचा फटका खरा आहे, पण तो ज्यांना बसला त्यांच्याकडे पदवी, इंग्रजी आणि दुसऱ्या देशाची वाट शोधण्याची साधने आहेत. दोनच महिने आधी ब्रिटनचे देखभाल व्हिसाचे दार बंद झाले, तेव्हा मराठीत त्याची चर्चा क्वचितच झाली. जंगलपट्ट्यातल्या मुलींना परवडतील अशा मोजक्या वाटांपैकी ती एक होती, हे लक्षातच घेतले गेले नाही.

अहेरीच्या आसपास आता सूरजागडच्या लोहखाणीमुळे वेगळी स्थिती उभी राहिली आहे. डंपर, उत्खनन यंत्रे, वेल्डिंग आणि यंत्रदुरुस्ती यांत इथले तरुण अनुभव मिळवत आहेत. हा अनुभव नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी आणि कामाच्या तपशिलासह नोंदला गेला तर तो जर्मनीच्या अटीत मोजला जाऊ शकतो. ठेकेदाराच्या तोंडी हिशेबात राहिला तर वाया जातो. सरकारने एवढे तरी करावे: अहेरीत जर्मन आणि जपानीचे वर्षभराचे निवासी वर्ग, एक वर्षाच्या ट्रेडना जोडून दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम, आणि दाखल्यांवरची नावे-जन्मतारखा जुळवून देणारा एक कर्मचारी. यासाठी नवा करार करायची गरज नाही.

तोपर्यंत परदेशी जाऊ पाहणाऱ्याने स्वतःच सावध राहावे. एजंटाचा परवाना केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. कायद्याने त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून एक रुपया जास्त मागणाऱ्याकडे पासपोर्ट देऊ नये, आणि जे द्यावे त्याची पावती घ्यावी.